पावसात टिकेल ती कमान

हिंदुस्थानात धनुष्यबाण लवकर खाली ठेवणाऱ्या मुलखांत गोव्याचं नाव बरंच वर लागेल. 1510 साली आफोन्सो द आल्बुकेर्कने आदिलशाहीकडून गोवा घेतला, तेव्हा इथे बंदुका घडवणारे कारागीर आधीपासून होते. त्याने त्यांना कामावर ठेवलं आणि 1513 मध्ये पोर्तुगालच्या राजाला कळवलं की इथल्या बंदुका बोहेमियातल्या बंदुकांच्या तोडीच्या आहेत. सोबत नमुनाही धाडला. अकबर बादशहाचा जन्म 1542 चा. म्हणजे मोगलांचे तिरंदाज घोड्यावरून बाण सोडून नाव कमावत होते त्याच्या कितीतरी आधी मांडवीच्या काठावर लोहाराच्या भात्यापुढे नळ्या वळल्या जात होत्या.

आमची डिचोली तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हती. ती आदिलशाहीत होती, मग शिवाजी महाराजांकडे आली. जवळच नार्व्याला सप्तकोटीश्वराचं देऊळ महाराजांनी 1668 मध्ये पुन्हा उभं केलं, तिथला शिलालेख आजही वाचता येतो. संभाजी महाराजांच्या काळात औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर इथेच येऊन राहिला होता. डिचोलीचा नमाजगाह त्याचाच म्हणतात. पुढे सावंतवाडीकर भोसले आले आणि 1780 च्या दशकात हा महाल पोर्तुगीजांच्या नव्या काबिजादीत गेला. एवढ्या राजवटी बदलल्या, आणि त्यांच्याबरोबर हत्यारंही बदलली. शिवकालातल्या हशमांत, म्हणजे पायदळात, बंदुखी होते तसे तिरंदाजही होते. पण शे-दीडशे वर्षांत बंदुखी उरला, तिरंदाज गेला.

तो का गेला, याचं पुस्तकी उत्तर ठरलेलं आहे: बंदुकीत जोर जास्त. मला ते पटत नाही. मी आयुष्यभर डिचोलीच्या एका खाणीवरच्या वर्कशॉपात फिटर होतो. यंत्र का बदललं जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. जास्त ताकदीचं यंत्र आलं म्हणून जुनं निघालं, असं फार कमी वेळा होतं. जुनं निघतं ते त्याची देखभाल परवडत नाही म्हणून, किंवा ते चालवणारा माणूस मिळत नाही म्हणून.

धनुष्याचंही तेच झालं. एकसंध लाकडाचं किंवा बांबूचं धनुष्य सोपं, पण त्याला लांबी लागते. घोडेस्वाराला हवी ती आखूड आणि कडक कमान, आणि ती होते तीन थरांची. पोटाला शिंग, मध्ये लाकूड, पाठीला जनावराचे स्नायुतंतू, आणि हे सगळं सरसाने चिकटवलेलं. शिंग दाब सोसतं, तंतू ताण सोसतात. आजचा इंजिनिअर कार्बन आणि फायबरग्लासचे थर लावताना हेच करतो. पण अशी एक कमान व्हायला वर्ष वर्ष लागे, कारण सरस सावकाश वाळावा लागतो. आणि त्या सरसाचा वैरी म्हणजे दमट हवा. तुर्कस्तानात, मध्य आशियात ही कमान पिढ्यान्‌पिढ्या टिकली. कोकण-गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जूनपासून भिंतीसुद्धा घाम गाळतात. इथे सरसाचा सांधा किती दिवस धरणार?

हिंदुस्थानी कारागिरांनी यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो, कारण तो आमच्या जातीचा आहे. त्यांनी पोलादाची कमान केली. आकार शिंगाच्या कमानीचाच, पण सगळी धातूची. काही कमानी मधोमध आट्यांवर उघडायच्या, म्हणजे दोन तुकडे करून नेता यायच्या. सतराव्या-अठराव्या शतकातल्या अशा कमानी संग्रहालयांत आहेत. बाण फेकायला ही कमान शिंगाच्या कमानीपेक्षा कमीच. पोलादाचे हात जड, त्यामुळे बाणाला द्यायची बरीच शक्ती ते स्वतःलाच हलवण्यात खर्च करतात. तरीही लोकांनी ती केली, शस्त्रागारात ठेवली. का? तर दहा पावसाळे गेले तरी तेल पुसून काढली की चालते. मेंटेनन्सवाल्याचा हा निकाल आहे आणि मी त्यावर डोळे झाकून सही करीन.

बंदुकीलाही पाऊस नको होता, हे खरं. तोडा, म्हणजे बार पेटवणारी वात, भिजला की बंदूक मुकी. पण तोडा वाळवला की ती पुन्हा बोलते. सांधा सुटलेली कमान पुन्हा बोलत नाही. शिवाय तिरंदाज घडवायला लहानपणापासून हात तयार करावा लागतो, बंदुखी थोड्या महिन्यांत तयार होतो. एक गोळी भरेपर्यंत चांगला तिरंदाज चार-पाच बाण सोडायचा, तरीही हरला तोच.

त्यानंतर आमच्या भागात धनुष्य उरलं ते दगडावर आणि रंगमंचावर. सत्तरीच्या गावांत देवळांच्या आवारात कदंबकाळातले वीरगळ आहेत. बोरिवलीजवळ एकसरला शिलाहारकाळातले वीरगळ आहेत, त्यांवर गलबतांची लढाई आहे आणि धनुष्यवालेही. आणि पेडण्याकडच्या दशावतारात राम येतो त्याच्या हातात वेळूची काठी वाकवून, जरीचा कागद लावलेलं धनुष्य असतं. लहानपणी आम्हाला तेच खरं वाटायचं.

खरं धनुष्य मी हातात घेतलं ते एका चवथीला. माझा भाचा घाटावर शिकायला असतो, तिथे तो तिरंदाजीला लागला. मोठी काळी पेटी घेऊन घरी आला. मखराच्या खोलीत नको म्हणून ती बाल्कांवात उघडली. आत जे होतं त्यात मला धनुष्य दिसलंच नाही. ॲल्युमिनियमचा कोरलेला सांगाडा, दोन आखूड जाड पाती, दोन्ही टोकांना चाकं आणि चाकांवरून फिरणाऱ्या तीन दोऱ्या. मी चाक फिरवून पाहिलं आणि हसलो.

‘‘अरे, हे तर एक्सेंट्रिक आहे.’’

‘‘मामा, ओढ हवं तर. पण बाण नसताना सोडू नको हां, मोडेल.’’

खाणीवर दगड फोडायला जॉ क्रशर असतो. त्याचा जबडा मागेपुढे हलतो तो एका एक्सेंट्रिक शाफ्टमुळे, म्हणजे ज्याचं फिरण्याचं केंद्र मध्यावर नाही, बाजूला सरकलेलं आहे. गोल फिरणं तेच, पण प्रत्येक अंशाला जोर वेगळा. भाच्याच्या धनुष्याची चाकं तशीच. दोरी ओढू लागलो तर सुरुवातीला कडक, मध्ये दम लागेल इतकी कडक, आणि शेवटी अचानक हात हलका. साठ पौंडांचं धनुष्य पूर्ण ताणलं असताना बोटांवर जेमतेम बारा पौंड. जोर नाहीसा झालेला नसतो, पात्यांत कोंडलेला असतो. चाकाची लांब बाजू आता आपल्याकडे आलेली असते, एवढंच.

बाण नसताना सोडू नको म्हणाला त्याचं कारणही आतच आहे. असं धनुष्य ताणलं की त्यात शंभर ज्यूलच्या आसपास ऊर्जा साठते. बाण असला तर त्यातला मोठा भाग तो घेऊन जातो. बाण नसला तर ती जाणार कुठे? पात्यांत, चाकांत, दोरीत. पातं चिरतं, दोरी चाकावरून उतरते. भार नसताना मशीन पळवू नये, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवत.

धनुष्याला अशी चाकं लावायची कल्पना हॉलिस विल्बर ॲलन नावाच्या अमेरिकन माणसाची. मिसुरी राज्यातला, शिकारीचा नाद असलेला, घरीच खटपट करणारा. त्याने आपल्या नेहमीच्या धनुष्याची टोकं करवतीने कापली आणि तिथे पुल्या बसवल्या. आधी साध्या, मध्यावर भोक असलेल्या. त्याने काही मोठं साधलं नाही. मग भोक बाजूला सरकवलं आणि धनुष्याचा इतिहास फिरला. 1966 मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, 1969 च्या अखेरीस ते मिळालं. धनुष्य करणाऱ्या कंपन्यांनी त्याला उभं केलं नाही. कॅलिफोर्नियातल्या टॉम जेनिंग्ज या एकाच कारागिराला त्यात दम दिसला, त्याने ते बनवायला घेतलं. ॲलन 1979 मध्ये मोटार अपघातात गेला. हे मिश्र धनुष्य, आता मराठीतही ‘कंपाउंड’च म्हणतात, जगभर मोठ्या मैदानांवर आलेलं पाहायला तो उरला नाही.

तिरंदाजीच्या स्पर्धावाल्यांनी ते बरीच वर्षं दाराबाहेर ठेवलं. हे धनुष्य नाही, यंत्र आहे, असं म्हणत. शिकाऱ्यांनी मात्र उचललं. जागतिक मैदानी अजिंक्यपदात कंपाउंड आलं ते 1995 साली, जकार्ताला. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद, त्यामुळे ते थेट खेळाचं साधन म्हणूनच आलं.

मध्यंतरीच्या वर्षांत त्यात काय काय बदललं, ते सगळं सांगत बसत नाही. पूर्वीच्या पोलादी केबल गेल्या, कमी ताणणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या दोऱ्या आल्या. लाकडी पाती गेली, फायबरग्लास आणि कार्बनची आली. ओतीव सांगाड्याऐवजी सीएनसीवर कोरलेला आला. पण एक गोष्ट थोडी थांबून सांगण्यासारखी आहे. दोन चाकं म्हणजे दोन घड्याळं. वरचं आणि खालचं एका क्षणी फिरलं नाही तर बाण वरखाली जातो. जुने धनुर्धर दोऱ्यांना पीळ देऊन ती दोन चाकं जुळवत बसत. 1992 मध्ये मॅट मॅकफर्सन या अमेरिकन कारागिराने एकच कॅम, म्हणजे बाजूला भोक असलेलं चाक, ठेवला आणि दुसऱ्या टोकाला साधी पुली. जुळवायला दुसरं चाकच नाही! नंतर दोन्ही कॅम एकमेकांना दोरीने बांधून ठेवण्याच्या युक्त्या निघाल्या, कोणी मागे पडू नये म्हणून. कॅमच्या जुळणीतली यातली कुठलीही सुधारणा बाण लांब फेकण्यासाठी नव्हती. काल लावलेली सेटिंग आज तशीच राहावी, यासाठी होती.

भाच्याने मला विचारलं होतं, ‘‘मामा, याच्या पुढे अजून किती वेगवान होईल?’’ मी कॅलेंडरच्या पाठीमागे हिशेब मांडला. ढोबळ आहे, पण दिशा बरोबर आहे. जागतिक संघटनेच्या नियमाने कंपाउंडला कमाल 60 पौंडांची मर्यादा आहे, म्हणजे साधारण 267 न्यूटन. दोरी मागे जाते सुमारे वीस इंच. समजा अख्ख्या वीस इंचांत जोर पूर्ण साठच राहिला, चढ नाही, उतार नाही, तर 135 ज्यूल साठतील. याहून जास्त त्या मापात मावूच शकत नाहीत. आणि समजा त्यातला एकही ज्यूल वाया न जाता सगळे बाणाला मिळाले, तर साडेतीनशे ग्रेनचा, म्हणजे पावणेतेवीस ग्रॅमचा बाण सेकंदाला 109 मीटर जाईल. ही झाली भिंत. आजचं चांगलं धनुष्य याच मापात शंभराच्या आसपास ज्यूल साठवतं, त्यातले ऐंशी-पंच्याऐंशी टक्के बाणाला देतं आणि बाण सेकंदाला पंच्याऐंशी मीटरच्या आसपास जातो.

म्हणजे अजून पाव हिस्सा जागा आहे, असं वाटेल. पण ती जागा खोटी आहे. शेवटी हात हलका व्हावा म्हणून तर ॲलनने चाक लावलं. जोर शेवटपर्यंत साठ ठेवला तर कंपाउंडचा अर्थच संपला. सुरुवातीला शून्यावरून साठवर जायलाही थोडं अंतर लागतंच. आणि ऊर्जा दहा टक्क्यांनी वाढवली तर वेग पाचच टक्के वाढतो, कारण वेग वर्गमुळात आहे. म्हणजे कारखान्यांनी जीव तोडून काम केलं तरी हाती लागणार ते चार-सहा मीटर.

शिकारीच्या धनुष्यांना साठ पौंडांचं बंधन नाही, तिथे काय झालं ते पाहा. जाहिरातींतला वेग सत्तर पौंड आणि तीस इंचांच्या मापावर मोजतात. 2010 च्या सुमारास काही धनुष्यं सेकंदाला 360 फुटांच्या पुढे गेली. त्याला आता पंधरा वर्षं होऊन गेली, आणि दौड तिथेच थबकली आहे. उलट त्या वेगवान धनुष्यांपासून लोक दूर झाले. ओढायला करकरीत, हातात अस्वस्थ, थोडी चूक झाली तरी माफ न करणारी. जास्त वेग मिळत होता, गिऱ्हाइकाला नको होता. पोलादी कमानीच्या वेळी जो निकाल लागला तोच पुन्हा लागला.

मग पुढे काय सुधारेल? माझ्या मते दोरी. धनुष्यात सर्वांत आधी जीर्ण होते ती तीच. हळूहळू ताणते, ताणली की कॅम थोडे फिरतात, कॅम फिरले की सेटिंग हलते. न ताणणारा धागा मिळाला तर धनुर्धराला नव्या कॅमपेक्षा जास्त फायदा होईल. मग बाण: एका डझनातले बारा बाण वजनात आणि कडकपणात जितके सारखे, तितका गट लहान. मग सोडण्याची कळ. इलेक्ट्रॉनिक्स धनुष्यावर लावायला खेळात बंदी आहे, आणि माझ्या मते ती बंदी राहावी. वारा मोजून भिंग आपणच सरकवणारं धनुष्य आलं तर मैदानावर माणूस कशाला उभा करायचा?

माणसाची गोष्ट निघाली म्हणून साताऱ्याला जाऊ. ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिनला जागतिक अजिंक्यपद झालं. साताऱ्याची अदिती गोपीचंद स्वामी तेव्हा सतरा वर्षांची. महिनाभर आधी तिने आयर्लंडमध्ये लिमरिकला अठरा वर्षांखालील जगज्जेतेपद घेतलेलं. बर्लिनला अंतिम सामन्यात तिने मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेराला 149-147 ने हरवलं. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस प्रवीण देवतळेने पोलंडच्या लुकाश प्शिबिल्स्कीला 150-149 ने. दोघेही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्या दृष्टी अकादमीत घडलेले. बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने त्याच वर्षी शांघायच्या विश्वचषकात माईक श्लोसरला हरवलं. श्लोसर म्हणजे इनडोअर स्पर्धेत साठपैकी साठ बाण दहात मारून 600 करणारा पहिला माणूस. ऑक्टोबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कंपाउंडची पाचही सुवर्णपदकं भारताची झाली, त्यांत तीन ओजसची. 2025 मध्ये ग्वांगजूला पुरुष संघाने फ्रान्सला 235-233 ने हरवून जगज्जेतेपद घेतलं, त्या संघात प्रथमेश फुगे होता.

आता ओजसच्या 150 कडे फिटरच्या नजरेने बघू. पंधरा बाण, प्रत्येकाला जास्तीत जास्त दहा. अंतर 50 मीटर. दहाचं वर्तुळ आठ सेंटीमीटरचं, डिचोलीच्या बाजारातल्या मोठ्या संत्र्याएवढं. त्यात पंधरापैकी पंधरा. आणि समोरचा माणूस चौदा दहा आणि एक नऊ मारून हरला. कुठल्या खेळात एवढ्याशा चुकीने जगज्जेतेपद हुकतं? चांगलं कंपाउंड धनुष्य यांत्रिक पकडीत बसवून सोडलं तर बाण एकावर एक बसतात. ते आपल्या वाट्याचं काम पूर्ण करतं. मग बाण नऊमध्ये जातो तो वाऱ्याने, श्वासाने, खांद्याच्या थकव्याने, किंवा आपण आता जिंकणार आहोत हे लक्षात आल्याने. भाचा म्हणतो, सर्वांत अवघड बाण पंधरावा. त्यासाठी कुठल्याही कंपनीकडे स्पेअर पार्ट नाही.

गुणांची कमाल संपत आली की खेळाचे नियम बदलावे लागतात, हे उघड आहे. वर्तुळ लहान करा, अंतर वाढवा किंवा बाणांची संख्या. मला विचाराल तर अंतर वाढवावं. पन्नासाचे सत्तर मीटर केले तर वाऱ्याला जास्त वेळ मिळतो, आणि वारा वाचणारा माणूस पुढे येतो. रिकर्व्हवाले, म्हणजे चाकं नसलेलं धनुष्य वापरणारे, सत्तरावर मारतातच. पण सत्तराला मैदान मोठं लागतं, मागे सुरक्षित जागा लागते. आमच्यासारख्या डोंगर-खाणींच्या तालुक्यात सपाट मोकळी जागा मिळवणं हे धनुष्य मिळवण्याहून कठीण.

ऑलिंपिकमध्ये कंपाउंड इतकी वर्षं नव्हतं. 1972 मध्ये तिरंदाजी परत आली तेव्हापासून फक्त रिकर्व्ह. एप्रिल 2025 मध्ये ऑलिंपिक समितीने ठरवलं की 2028 च्या लॉस एंजेलिसला कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा होईल. एक मुलगा, एक मुलगी. वैयक्तिक अजून नाही. तरी या एका ओळीने घाटावर आणि इथेही कितीतरी घरांत धनुष्याच्या किमती विचारल्या जात असतील. किंमत सामानासकट लाखांत जाते, आणि चांगली धनुष्यं बहुतेक अमेरिकेतून येतात.

म्हणून माझ्यासारख्या आईबापांना, मामा-काकांना थोडं सांगतो. आमच्या खाणी 2012 मध्ये बंद पडल्या, मग 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा. तेव्हा या तालुक्यातले कितीतरी फिटर, वेल्डर, लेथवाले घरी बसले. त्यांच्यातल्या कुणाला दोऱ्या वळायचा साचा किंवा पाती दाबून दोरी काढायचा प्रेस करून बघावासा वाटला तर जरूर करा. काम कठीण नाही, फक्त माप चुकू नये. आणि मुलासाठी धनुष्य घेताना सर्वांत वेगवान कुठलं असं दुकानदाराला विचारू नका. विचारा, याची सेटिंग किती दिवस टिकते, दोरी कुठे मिळते, इथे कोण बसवून देईल. पौंड कमी ठेवा. पावसाळ्याआधी पात्यांवर बोट फिरवून चीर बघा, बोल्टांना गंज आला का ते पाहा, दोरीचे तंतू सुटायला लागले असतील तर मोह न करता बदला. आणि खंडेनवमीला धनुष्याला झेंडूची माळ घातलीत तर दुसऱ्या दिवशी पाकळ्या कॅममधून नीट काढा. आमच्या लेथमध्ये त्या महिनाभर सापडत असत.